खोलीत मिळून आलेल्या वस्तू

१

दुपारी दोन ते साडेचार मी लिहितो. या वेळात घराला आग लागली तरी आधी दारावर टकटक करायची, असा बायकोला माझा हुकूम आहे. ती म्हणते, "आग लागली तर मी सरळ शेजारी जाईन, तुम्ही बसा पंचनामा करत."

तिचंही खरं आहे. चौतीस वर्षं तपासाच्या खात्यात काढली, ती खोड जाते थोडीच? निवृत्त झालो आणि आमच्या भागाचा इतिहास लिहायला घेतला. पहिलं पुस्तक नदी पायी ओलांडायच्या उतारांचं, दुसरं पुलांचं, तिसरं जुन्या छापखान्यांचं. इतिहासाचे प्राध्यापक नाकं मुरडतात. मुरडू देत बापडे. त्यांच्यापैकी एकानेही पुलाच्या कमानी टेप लावून मोजलेल्या नाहीत. मी मोजल्या. जागेवर जायचं, डोळ्यांनी बघायचं, मगच लिहायचं, हा माझा बाणा. तीन पुस्तकांच्या प्रस्तावनांत मी तो तीनदा छापला आहे.

माझं अक्षर मलासुद्धा लागत नाही, म्हणून मी सांगतो आणि रायटर लिहितो. रायटर म्हणजे खात्यातला माझा लेखनिक. वीस वर्षं माझे सगळे कागद त्याने लिहिले, आणि निवृत्तीनंतरही रोज तीन वाजता सायकलवरून येतो. अक्षर असं की छापखान्याने लाजावं. हे घरसुद्धा त्यानेच शोधून दिलं. "साहेब, लिहायला वेगळी खोली आहे. तीन पायऱ्या उतरून जायचं, कुणी येणार नाही की जाणार नाही." भावापेक्षा जवळचा माणूस. म्हणजे, होता.

चौथं पुस्तक नदीकाठच्या बंद पडलेल्या कागद गिरणीचं. शेवटचं प्रकरण माझंच होतं. सव्वीस वर्षांपूर्वी त्या गिरणीत कारकुनाचा खून झाला, मी चार दिवसांत पहारेकऱ्याला पकडलं आणि त्याला जन्मठेप लागली. माझं नाव झालं ते त्या तपासाने. ते प्रकरण लिहायला घेतलं त्याच आठवड्यात पहारेकऱ्याची बहीण घरी आली.

२

साठीची, सडसडीत बाई. बायकोने तिला खाली माझ्या खोलीत आणून सोडलं. ती तिन्ही पायऱ्या मोजल्यासारखी उतरली आणि खोलीभर नजर फिरवून समोरच्या खुर्चीत बसली.

"साहेब, तुम्ही गिरणीचं पुस्तक लिहिताय असं ऐकलं. माझ्या भावाचं नाव येणार असेल ना त्यात?"

"येणारच बाई. घडलं ते लिहावं लागतं."

"लिहा की. माझी एकच विनंती आहे. ती खोली मला दाखवा."

"कुठली खोली?"

तिने पिशवीतून कागद काढले. घटनास्थळाच्या पंचनाम्याची नक्कल. पंचनामा म्हणजे जागेवर काय काय दिसलं याची दोन साक्षीदारांसमोर केलेली नोंद. त्या दोघांना आम्ही पंच म्हणतो. रायटरचं ते मोत्यासारखं अक्षर, आणि खाली माझी सही.

"यात लिहिलंय, तीन पायऱ्या उतरून आत, पश्चिमेला खिडकी, आणि खिडकीशेजारी खुंटीला माझ्या भावाची छत्री. त्या छत्रीवर त्याला शिक्षा झाली. तो नऊ वर्षं तुरुंगात होता, तिथेच गेला. दर पत्रात एकच विचारायचा, ताई, ती खिडकी कुठली गं? मी त्या गिरणीत बारा वर्षं पहारा केला, मला कशी दिसली नाही?" ती अजिबात रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "मला खोली दाखवा. मग त्याला काय हवं ते म्हणा."

मी शब्द दिला. जागेवर जायला मी कधी भ्यायलो नाही. तिने नक्कल टेबलावर ठेवली. मी खिडकीपुरती ओळ वाचली आणि कागद खणात टाकला. तिसऱ्या खणाची मूठ गेल्या वर्षी माझ्या हातात आली, तेव्हापासून तो खालून बोटं घालून ओढावा लागतो.

ती गेल्यावर खिडकीशेजारच्या खुंटीकडे माझं लक्ष गेलं. करडी छत्री, बाकदार दांड्याची, एक काडी मोडलेली. बाई विसरली असणार. पुढच्या खेपेला देऊ म्हटलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन गिरणीत गेलो. ऊन स्वच्छ होतं. आत कबुतरं आणि ओल्या पुठ्ठ्यांचा वास. कारकुनाची दप्तरखोली वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी. दारावरचा खोलीच्या नावाचा पत्रा अजून शाबूत होता, म्हणजे खोली चुकायचा प्रश्नच नव्हता.

पश्चिमेची भिंत सलग दगडी. हाताने चाचपली, तिथेच पडलेल्या टिकावाच्या दांड्याने ठोकली. कुठे पोकळ वाजेना. बुजवलेली खिडकी मला कळत नाही असं नाही, अशा दहा शोधल्यात मी. इथे चौकटीची रेघसुद्धा नव्हती. पायऱ्या तर नव्हत्याच. वरच्या मजल्यावर तीन पायऱ्या उतरून जाणार कुठे?

मी बाहेरून मोजलं, आतून मोजलं. दोन्ही मापं जुळली. इतकी सरळ, भोळी खोली मी आयुष्यात पाहिली नव्हती.

खोली बदलली असेल, मी स्वतःला सांगितलं. दुरुस्ती झाली असेल. मग आठवायला बसलो की तेव्हा ही खोली कशी होती. मला काही आठवेना, कारण मी वर आलोच नव्हतो. प्रेत आधीच दवाखान्यात हलवलं होतं. मी खाली फाटकाशी वरिष्ठांशी बोलत राहिलो आणि संध्याकाळी रायटरने पुढे केलेल्या कागदावर सही ठोकली. 'समक्ष' म्हणून.

४

तीन वाजता सायकल लागली. रायटर येऊन पायरीवर बसला, नेहमीसारखा. मी टेप त्याच्यासमोर आपटला.

"खिडकी कुठाय रे?"

त्याने कुठली खिडकी म्हणून विचारलं नाही. तिथेच मला कळलं.

"साहेब, त्या दिवशी माझी पोरगी तापाने फणफणली होती. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहिला पंचनामा. गिरणीत गेलोच नाही."

"आणि छत्री?"

"छत्री फाटकाजवळ त्याच्या चौकीत असायची. मी ती आत टांगली. कागदावर."

"अरे माणूस गेला त्यात!"

"तुम्हाला चार दिवसांत आरोपी हवा होता, साहेब."

माझा हात उठला होता. मारला नाही, पण उठला होता. वीस वर्षं ज्याच्या हातचं डोळे मिटून घेतलं, त्याने केसाने गळा कापला होता. माझा, आणि त्या पहारेकऱ्याचाही.

"खोली कुठून आणलीस? खिडकी, पायऱ्या?"

तो खाली मान घालून चप्पल चाचपत बसला. "डोळे मिटले आणि दिसली तशी लिहिली. कुठली ते मलाच माहीत नव्हतं. मग तुमच्यासाठी घर शोधत होतो, तेव्हा..." तो थांबला. "तेव्हा ही सापडली, साहेब."

मला आधी अर्थच लागला नाही. मग मी पायऱ्यांकडे पाहिलं. तीन. खिडकीकडे पाहिलं. पश्चिमेला.

"आणि मला आणून बसवलंस इथे?"

"ती कुठेतरी खरी असायला पाहिजे ना, साहेब. तुम्हीच शिकवलंत. कागद आणि जागा जुळेना, तर कागदाला हात लावायचा नाही, जागा हलवायची."

हो, शिकवलं होतं. एका चोरीच्या तपासात नोंदीत खाट चुकीच्या भिंतीला लागली होती, तेव्हा मी खाटच उचलून तिकडे लावायला लावली होती. सगळे पोट धरून हसले होते. मीसुद्धा.

"वही काढ," मी म्हटलं. "शेवटचं प्रकरण नव्याने लिहायचं. अशी खोली नव्हती, पहारेकरी निर्दोष होता, आणि आपण दोघं खोटे होतो. तुझ्याच हाताने लिही."

त्याने लिहिलं. लिहिताना रडला. मला वाटलं, चला, मनाने तरी शुद्ध झाला.

५

तो गेल्यावर मी नक्कल काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा स्वतःचा पंचनामा अथपासून इतिपर्यंत वाचला.

'सदर खोलीत तीन पायऱ्या उतरून प्रवेश केला. पश्चिमेस खिडकी, गज पाच, पैकी एक नाही.' मी गज मोजले. चार होते. मधल्याची जागा रिकामी, त्यातून मांजर येतं म्हणून बायको रोज करवादते.

'लाकडी टेबल एक, खण चार, तिसऱ्यास मूठ नाही.' मूठ माझ्या हातात आली ती गेल्या वर्षी. कागद सव्वीस वर्षांचा.

'खुंटीस करडी छत्री, काडी मोडलेली. भिंतीवर घड्याळ, चार वाजून दहा मिनिटांनी बंद पडलेले.' घड्याळ रायटरने तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी भेट दिलेलं. ते चालू होतं, टिकटिक ऐकू येत होती. मी तेवढ्यावर जीव धरला. 'टेबलावर पाण्याचा पेला, बशीने झाकलेला. लाल पुठ्ठ्याचे पुस्तक एक, सुतळीने बांधलेले, न उघडलेले.' पेला होता. पुस्तक नव्हतं.

पुढे प्रेत. 'पुरुष जातीचे, खुर्चीत बसलेल्या स्थितीत, डोके टेबलावर टेकलेले. वय अंदाजे सहासष्ट. उजव्या भुवईवर जुना व्रण. डाव्या पायात चप्पल नाही.'

तो कारकून बत्तीस वर्षांचा होता. इतक्या वकिलांच्या, न्यायाधीशांच्या हातांतून हा कागद गेला आणि कुणी वय वाचलं नव्हतं. मी भुवईवर बोट फिरवलं. जीपमधून पडलो तेव्हाची खूण, खटला संपल्यानंतर तिसऱ्या वर्षाची. आणि गेल्या महिन्यातच मी सहासष्ट पूर्ण केली.

शेवटच्या पानावर पंचांच्या सह्या. दुसऱ्या पंचाची जागा कोरी, नुसती टिंबांची ओळ. पहिल्या पंचाची सही मी लग्नाच्या नोंदणीपासून ओळखतो.

मी कागद घेऊन वर गेलो. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ही तुझी सही?"

तिने चष्मा लावला. "माझीच की. अहो, तुमचे रायटर आले होते ना एकदा. साहेबांचं काम अडलंय म्हणाले. दहाएक कागदांवर केल्या सह्या."

"न वाचता?"

"कोरे होते. कोऱ्या कागदावर काय वाचू?" मग माझा चेहरा बघून ती हळूच म्हणाली, "मला वाटलं तुम्हीच पाठवलंय त्यांना."

घरात आणि दारात, ज्यांच्याकडे मी पाठ करून निर्धास्त बसायचो ते दोघंही त्या एकाच कागदावर होते. आणि तिसरी सही माझी होती.

६

मी हातावर हात धरून बसलो नाही. सुताराला बोलावून तिसऱ्या खणाला पितळी मूठ बसवली. छत्री वरच्या कपाटात टाकली. खिडकीला पाचवा गज लावायला लोहाराला सांगितलं. वेड्यासारखं वाटत होतं, पण वेडेपणाने बरं वाटत असेल तर आपलं काय जातंय?

चार दिवसांत मूठ सैल झाली आणि पाचव्या दिवशी पुन्हा हातात आली. सुतार म्हणाला, लाकूड भुसभुशीत झालंय, धरणार नाही. लोहार आज येतो, उद्या येतो करत राहिला, जसे सगळेच लोहार करतात. छत्री बायकोने आणून टांगली. "बाईंची आहे ना? त्या आल्या की पटकन दिसायला नको?"

यातलं काहीही विचित्र नव्हतं, हेच मला सहन होईना. प्रत्येक गोष्टीला माणूस होता, कारण होतं. मी आयुष्यभर कारणं शोधली, आणि आता एक कारण नसलेली गोष्ट मिळाली असती तर मी आनंदाने पेढे... नाही, निदान झोपलो तरी असतो.

एकच आधार होता. माझं प्रकरण. खरं काय ते छापून आलं की हा पंचनामा खोटा ठरणार, चारचौघांत. रायटरने हस्तलिखित छापखान्यात पोहोचवलं. मुद्रितं घेऊन आला त्या दिवशी माझे डोळे दुखत होते. त्याने शेवटचं पान पुढे केलं. 'छापण्यास हरकत नाही', खाली सहीची जागा.

"बघितलंस ना नीट?" मी विचारलं.

"अक्षर न् अक्षर, साहेब."

मी सही केली.

७

पुस्तक आलं त्या दुपारी मी बाईंना चार वाजता बोलावलं होतं. छापखान्याचा माणूस पुडकं देऊन गेला. सुतळीने बांधलेलं. कागद फाडला तर आत लाल पुठ्ठा. रंग प्रकाशकाने निवडला होता, मला विचारलंही नव्हतं.

मी ताबडतोब सुतळी कापली. 'न उघडलेले' म्हणतोस काय? हे घे, उघडलं. मी मोठ्याने हसलोसुद्धा. मग शेवटचं प्रकरण काढलं.

'दप्तरखोलीच्या पश्चिमेस एक खिडकी होती. तिच्याशेजारी खुंटीला पहारेकऱ्याची छत्री टांगलेली आढळली.'

मी पान उलटलं, पुन्हा उलटलं. माझा एक शब्द नव्हता त्यात. माझा कबुलीजबाब त्याने रडत रडत लिहून घेतला होता, आणि घरी जाऊन जुनंच प्रकरण सुवाच्य अक्षरात उतरवून छापायला दिलं होतं. खाली माझं नाव, आणि ती परवानगीची सही. मी पुन्हा वाचलं नव्हतं.

पायऱ्यांवर पावलं वाजली. बाई आल्या. मागून बायको पाणी घेऊन आली, पेल्यावर बशी होती. मी नको म्हणेपर्यंत तिने तो टेबलावर ठेवला. सगळ्यात शेवटी रायटर. तो तिसऱ्या पायरीवरच थांबला.

"का केलंस रे?" मी विचारलं.

"त्या पंचनाम्यावर वहिनींची सही आहे, साहेब. तुमची आहे. या वयात तुमच्या नावाला..." त्याचे डोळे भरले. त्याला खरोखरच माझी काळजी होती. याहून वाईट मला काही वाटलं नाही.

बाईंनी माझ्या हातून पुस्तक घेतलं आणि ते पान उभ्यानेच वाचलं. मी म्हटलं, "बाई, मी हे सांगितलं नव्हतं. देवाशपथ. मी खरं सांगितलं होतं."

"वाचलं होतंत?" त्यांनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

"माझा भाऊ म्हणायचा, साहेब वाईट नाहीत गं. त्यांनी वाचलं असतं तर सुटलो असतो." त्यांनी पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं.

रायटर दोन पावलं पुढे आला आणि टेबलावर काहीतरी ठेवलं. "ती बाईंची प्रत झाली. ही तुमची, साहेब." लाल पुठ्ठा. सुतळीने बांधलेलं.

मी कात्रीकडे हात केला. कात्री बायकोने आवरून वर नेली होती. गाठीला नखं लावली, पण ती सुटेना आणि डावा खांदा दुखायला लागला होता. बसावं थोडं म्हणून मी बसलो.

बाई खोली बघत होत्या. खिडकी. खुंटी. छत्री. एकेका वस्तूपाशी त्यांचे ओठ हलत होते.

"दाखवलीत हं साहेब खोली," त्या म्हणाल्या. "शब्द पाळलात."

खणातून त्यांनी नक्कल काढली, बोटं खालून घालून, जसा मी काढतो तशी. शेवटचं पान टेबलावर पसरलं. दुसऱ्या पंचाची कोरी जागा. रायटरने न सांगता आपलं पेन पुढे केलं. बायको दारात उभी होती आणि माझ्या पायांकडे बघत होती.

"बाई," मी म्हटलं. चौतीस वर्षांत हे मी कुणालाही म्हटलं नव्हतं. "वाचून सही करा."

"पाठ आहे मला," त्या म्हणाल्या आणि वाकल्या.

पेनाची कुरकुर स्पष्ट ऐकू आली. टिकटिक नव्हती म्हणून आली असावी. घड्याळाकडे मान वळवायचं मनात होतं, पण आधी टेबलावर कपाळ टेकून जरासं डोळे मिटावेसे वाटले. डाव्या पायाला फरशी गार लागत होती.